स्टेपडाउनवरचा १३ आठवड्यांचा ट्रॅव्हल करार: सही करण्याआधी आणि पहिल्या काही ड्यूट्यांत काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यातून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), ग्रीन कार्डवर टेक्सासमध्ये ह्यूस्टनला, टेलिमेट्रीवर (हृदयाचा मॉनिटर लावलेल्या पेशंटच्या वॉर्डात) तीन वर्षं झाली. पहिल्या एजन्सीचा बाँड संपला. आता ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या एका हॉस्पिटलात स्टेपडाउनवर (आयसीयू आणि साधा वॉर्ड यांच्या मधलं युनिट) ट्रॅव्हलर म्हणून, म्हणजे एजन्सीमार्फत तात्पुरती नर्स म्हणून, रात्रपाळीचा १३ आठवड्यांचा करार आलाय, आठवड्याला ३६ तास, २,१८० डॉलर. मैत्रीण म्हणते कॅलिफोर्नियात याहून जास्त मिळतात. स्टेपडाउन झेपेल का, करार घ्यावा का, आणि दोनच ड्यूट्यांच्या ओरिएंटेशनवर कसं निभावायचं?

‘झेपेल का’ याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण स्टेपडाउन ही एकच गोष्ट नाही. पीसीयू, आयएमसीयू, इंटरमीडिएट केअर अशा पाट्यांखाली प्रत्येक हॉस्पिटल आपापल्या सोयीचे पेशंट ठेवतं. एका ठिकाणी स्टेपडाउन म्हणजे तुमचाच टेलिमेट्री वॉर्ड, फक्त वर दोन बायपॅप (मास्कने श्वासाला दाब देणारं यंत्र). दुसऱ्या ठिकाणी बायपासनंतर दुसऱ्याच दिवशी आलेला पेशंट, चेस्ट ट्यूब, हृदयाला जोर देणारं मिलरिनोन चालू, शेजारच्या खोलीत डीकेएचा (मधुमेहातल्या गंभीर गुंतागुंतीचा) इन्सुलिन ड्रिप आणि त्यापलीकडे ट्रेकिऑस्टॉमी. त्यामुळे तुमची तयारी आहे की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, या हॉस्पिटलात स्टेपडाउन म्हणजे नेमकं काय, आणि ते सही करण्याआधी तुम्हाला कोण सांगणार?

रिक्रूटर सांगणार नाही. त्याच्याकडे हॉस्पिटलकडून आलेली चार ओळींची माहिती असते. हल्ली बरेच करार मुलाखतीशिवाय, फाइल बघून थेट ऑफर देतात. तसं असेल तर युनिटच्या मॅनेजरशी दहा मिनिटांचा फोन मागा. तोही मिळत नसेल तर स्टेपडाउनच्या पहिल्याच कराराला मी नाही म्हणायला सांगेन. आधी स्टेपडाउनवर काम केलेल्यांनी ती जोखीम घ्यावी, तुम्ही नको.

फोनवर ‘युनिट कसं आहे’ असं विचारलंत तर ‘टीम छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. नेमकं विचारा: रात्री एका नर्सकडे किती पेशंट, आणि माणूस कमी पडला की किती होतात? कोणते ड्रिप युनिटवर चालतात, आणि त्यातले कोणते नर्स स्वतः टायट्रेट करते, म्हणजे पेशंट बघून त्यांचा दर कमी-जास्त करते? हाय-फ्लो ऑक्सिजन आणि बायपॅप किती सेटिंगपर्यंत ठेवता, कुठल्या आकड्याला आयसीयू? फीमोरल शीथ (अँजिओग्राफीसाठी मांडीच्या रक्तवाहिनीत घातलेली नळी) युनिटवर काढतात का? मॉनिटरवर नजर ठेवायला टेक्निशियन आहे का, तो मजल्यावर बसतो की दुसऱ्या इमारतीत? रात्री ऑर्डर कोण देतं? ट्रॅव्हलर पहिल्या आठवड्यापासून फ्लोट होतात का, म्हणजे त्यांना दुसऱ्या युनिटवर पाठवतात का, आणि कुठे? उत्तरं त्याच वेळी लिहून घ्या. त्यातल्या तीन गोष्टी, म्हणजे युनिटचं नाव, पाळी आणि फ्लोटिंगची मर्यादा, करारात छापून आल्याच पाहिजेत. पेशंटची संख्या करारात क्वचितच लिहून मिळते, तरी मागून बघा.

संख्येचं म्हणाल तर मैत्रिणीचं म्हणणं निव्वळ पैशांपुरतं नाही. कॅलिफोर्नियात २००८ पासून स्टेपडाउनला एका नर्समागे तीन आणि टेलिमेट्रीला चार पेशंट ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे, आणि ती जेवणाच्या सुट्टीतही पाळावी लागते. तुम्ही जेवायला गेलात की तुमचे पेशंट सांभाळायला ब्रेक नर्स यावी लागते. ॲरिझोनात अशी आकड्यात बांधलेली मर्यादा नाही. चार पेशंट धरून चला, पाचवा कधी येतो ते फोनवर विचारा. पण कॅलिफोर्निया नर्स लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांची नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात) नाही. टेक्सासचं मल्टिस्टेट लायसन्स असेल तर ॲरिझोनात त्यावर लगेच काम करता येतं. कॅलिफोर्नियासाठी वेगळा अर्ज, बोटांचे ठसे, शिवाय परदेशात शिकलेल्यांच्या नर्सिंग शाळेकडून अभ्यासक्रमाचा आणि तासांचा तपशील. साताऱ्याच्या संस्थेतून कागद निघून सॅक्रामेंटोला पोहोचेपर्यंत महिने जाऊ शकतात. म्हणून तो अर्ज आत्ताच टाका आणि पहिला करार कॉम्पॅक्टमधल्या राज्यात करा. आधी तुमचं लायसन्स खरोखर मल्टिस्टेट आहे का ते नर्सिस या लायसन्स तपासायच्या वेबसाइटवर बघा. ‘सिंगल स्टेट’ लिहिलेलं असेल तर फिनिक्सचीही वाट वेगळी. (हे वाचणारं कुणी एच-वन-बी किंवा तशा व्हिसावर असेल तर रिक्रूटरच्या आधी इमिग्रेशन वकील. कामाची जागा बदलणं तिथे एवढं सोपं नसतं.)

आता पैसे. २,१८० हा आकडा साधारण असा फुटतो असं धरू: ३६ तास × ३० डॉलर = १,०८० करपात्र पगार, वर १,१०० डॉलर राहण्या-जेवणाचा स्टायपेंड (भत्ता). तो करमुक्त मिळतो तो एका अटीवर. तुमचं कायमचं घर आणि कामाचं मूळ क्षेत्र दुसरीकडे असलं पाहिजे, तिथला खर्च चालू असला पाहिजे आणि इथला खर्च त्याच्या जोडीला होत असला पाहिजे. ह्यूस्टनची जागा सोडून, सामान मामेभावाच्या गॅरेजमध्ये टाकून फक्त पत्ता त्याचा लावलात, तर दुहेरी खर्च उरत नाही, आणि मग अख्खा स्टायपेंड करपात्र ठरू शकतो. साताऱ्याचं घर यात उपयोगाचं नाही. ‘५० मैलांपलीकडे गेलं की झालं’ असं जे सर्रास सांगतात तो आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) नियम नाही, हॉस्पिटलं आणि एजन्सी आपल्या सोयीने तशी अंतरं ठरवतात. एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त राहायचं ठरलं की ते काम तात्पुरतं धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ट्रॅव्हल नर्सचे कर भरणाऱ्या सीपीएशी (तिथल्या सीएशी) सहीआधी एकदा बोलून घ्या.

करारात सर्वात महाग ओळ असते ती ड्यूटी रद्द करण्याची. ‘दर दोन आठवड्यांच्या पगारकाळात एक ड्यूटी विनामोबदला रद्द करता येईल’ असं वाक्य बऱ्याच करारांत सापडतं. एका ड्यूटीमागे १२ × ३० = ३६० पगार जातो आणि स्टायपेंडही त्या प्रमाणात कापला जातो, साधारण ३६६. म्हणजे ७२६ डॉलर. तेरा आठवड्यांत असे सहा पूर्ण पगारकाळ येतात. हॉस्पिटलने प्रत्येक वेळी हक्क वापरला तर जवळजवळ ४,३६० डॉलर गेले, आणि खोलीचं भाडं मात्र तेवढंच. उलट, तुम्ही आजारी पडलात तर काही एजन्सी स्टायपेंड कापून वर दंडही लावतात. म्हणून ‘३६ तासांची हमी’ हे शब्द शोधा, आणि त्यांना लागलेले अपवाद वाचा. ओव्हरटाइमचा दरही लेखी घ्या. ३० च्या दीडपट म्हणजे ४५, आणि तुमचा नेहमीचा तास स्टायपेंड धरून साठच्या वर पडतो. जादा ड्यूटी नेहमीच्या ड्यूटीपेक्षा स्वस्तात करायची वेळ येते ती अशी.

घराचं थोडक्यात: तीन महिन्यांचं भाडं एकदम भरू नका, न बघितलेल्या खोलीसाठी पैसे पाठवू नका. करार सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातही रद्द होतात. पहिले दोन आठवडे एक्स्टेंडेड स्टे हॉटेल, मग महिन्याच्या बोलीवर खोली.

कागदपत्रांत आपल्याकडच्या नर्सेसचा एक नेहमीचा घोळ होतो. लहानपणी बीसीजी घेतलेली असल्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, प्रश्नावली, आणि सुरुवातीची तारीख पुढे. आधीच क्वांटिफेरॉन रक्तचाचणी मागा, बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचे टायटर (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) एकदाच करून पीडीएफ ठेवा, लहानपणीच्या लसींचा कागद कुणाकडेच सापडत नाही. एसीएलएस आणि बीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांची प्रशिक्षणं), स्ट्रोक स्केलचं प्रमाणपत्र यांच्या तारखा कराराच्या शेवटच्या दिवसाच्या पुढच्या असाव्यात. मधेच संपलं तर त्या दिवशी ड्यूटी बंद, आणि पगारही. स्किल्स चेकलिस्ट (कोणती कामं येतात त्याची यादी) भरताना जे केलेलं नाही त्यापुढे ‘नाही’च लिहा. त्या कागदावरूनच तुम्हाला पेशंट दिले जातात.

आता काम. टेलिमेट्रीवरून येणाऱ्या नर्सला मॉनिटरवरचा हृदयाचा ताल ओळखता येतो, डिल्टियाझेम (नाडी मंदावणारं) आणि हेपारिन (रक्त पातळ ठेवणारं) बहुधा ओळखीचे असतात. फरक पडतो तो वेळेच्या हिशोबात. इन्सुलिन ड्रिपवरच्या पेशंटची साखर दर तासाला. ती बघणं, दर बदलणं, दुसऱ्या नर्सकडून तपासून घेणं, नोंद, हे सगळं दहा मिनिटांत उरकलं तरी बारा तासांत दोन तास एकट्या त्या पेशंटला गेले. म्हणून ड्यूटीच्या सुरुवातीला कागदावर तासांचे रकाने पाडा आणि आधी वेळेला बांधलेली कामं भरा: तासाची साखर, हेपारिनसाठी सहा तासांची अँटी-टेनए (Xa) किंवा एपीटीटी रक्तचाचणी, दोन तासांचे व्हायटल्स. गोळ्या आणि ड्रेसिंग उरलेल्या जागेत. दोन कामं एकाच वेळी येताहेत हे सात वाजताच दिसलं तर चार्ज नर्सला (त्या पाळीच्या प्रमुख नर्सला) तेव्हाच सांगता येतं. रात्री दोनला सांगण्यात अर्थ नसतो.

रिपोर्ट घेताना पलंगाजवळ उभं राहून, जाणाऱ्या नर्ससोबत पंप वाचा. ट्रॅव्हलरसाठी ही सर्वात मोठी घसरण्याची जागा आहे, कारण हात जुन्या हॉस्पिटलच्या आकड्यांना सरावलेला असतो. हेपारिनची २५,००० युनिटची पिशवी २५० मिलीचीही येते आणि ५०० मिलीचीही. एकीत मिलीला १०० युनिट, दुसरीत ५०. ‘मिली ताशी’ लक्षात ठेवून चालणाऱ्या नर्सकडून नेमका अर्धा किंवा दुप्पट डोस जातो. त्यामुळे आधी पिशवीवरची तीव्रता, मग पंपातलं वजन, मग ऑर्डरमधलं वजन, मग दर. आज सकाळचं वजन आणि ऑर्डर लिहिताना धरलेलं वजन वेगळं असू शकतं. पंपात ऑर्डरमधलंच हवं. अमिओडेरोनचं (हृदयाचा ताल सुधारणाऱ्या औषधाचं) गणितही एकदा स्वतः करून बघा: ३६० मिलिग्रॅम २०० मिलीत, म्हणजे मिनिटाला १ मिलिग्रॅमला ताशी ३३.३ मिली, सहा तासांनी निम्म्यावर आलं की १६.७. दर बदलण्याची वेळ नेमकी ड्यूटी बदलताना आली तर तो बदल हमखास राहून जातो.

डिल्टियाझेम चालू असेल तर रिपोर्टमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, विचारा. ते कमी असलेल्या पेशंटला हे औषध बिघडवू शकतं, आणि एको (हृदयाची सोनोग्राफी) रात्री आठला झाला असेल तर ऑर्डर देणाऱ्याने तो बघितलेला नसतो. पोटॅशियम ४ आणि मॅग्नेशियम २ च्या वर ठेवायचं हा हृदयाच्या पेशंटांत सर्वसाधारण शिरस्ता. पण कमी पडलेलं भरून काढण्याचा प्रोटोकॉल चालू आहे का, की प्रत्येक वेळी फोन करायचा, ते पहिल्या रात्री विचारून घ्या. हाताच्या शिरेतून पोटॅशियम सहसा ताशी १० मिलीइक्विव्हॅलंट, त्याहून वेगाने द्यायचं तर सेंट्रल लाइन आणि मॉनिटर.

ऑक्सिजनच्या बाबतीत आत्ताच्या आकड्यापेक्षा गेल्या चार-सहा तासांतली वाटचाल महत्त्वाची. हाय-फ्लो ४० लिटर, ४० टक्क्यांवर स्थिर असलेला पेशंट वेगळा आणि संध्याकाळी ३० टक्के होता, आता ५० वर आलाय तो वेगळा. दोघांचंही सॅच्युरेशन ९४ दिसेल. श्वासाचा वेग स्वतः मोजा, चार्टमधल्या सलग ‘१८, १८, १८’ वर विश्वास ठेवू नका. बायपॅपवरच्या पेशंटला मास्क स्वतः काढता येतो का ते बघा. येत नसेल, उलटीची शक्यता असेल किंवा गुंगी वाढत असेल, तर त्याची जागा तुमच्या युनिटवर नाही.

हे ठरवायला रॅपिड रिस्पॉन्स (बिघडणाऱ्या पेशंटकडे तातडीने येणारी हॉस्पिटलची टीम) लवकर बोलवा. आपल्याकडच्या सवयीने आपण आधी आरएमओला (ड्यूटीवरच्या डॉक्टरला) कळवतो, मग तो सरांना विचारतो, आणि तोवर थांबतो. इथे नर्सने थेट टीम बोलवायची असते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. नवीन हॉस्पिटलात हा नंबर वेगळा असतो. बॅजच्या मागे चिकटवून ठेवा, कारण घाईत बोटं जुनाच नंबर दाबतात. फोनवर आधी आकडे, मग तुमचं मत, मग मागणी: ‘प्रेशर दोन तासांत १२० वरून ८८, नाडी १२६, लघवी २० मिली. मला रक्तस्राव वाटतोय. तुम्ही येऊन बघा आणि हिमोग्लोबिनची तपासणी लिहा.’

ओरिएंटेशनच्या दोन ड्यूट्यांत रोगांबद्दल शिकायला वेळ नसतो, तिथे दरवाजे उघडून घ्यायचे असतात. अक्षरशः. औषधांची खोली, सप्लाय रूम आणि जिना बॅजने उघडतात का? पिक्सिस किंवा ऑम्निसेलवर (औषधांच्या कुलूपबंद यंत्रावर) बोट चालतं का? ग्लुकोमीटरला तुमचा ऑपरेटर नंबर दिलाय का? हा हमखास राहतो, आणि इन्सुलिन ड्रिपच्या पेशंटसमोर उभं राहून दुसरीचा बॅज मागावा लागतो. तसं करू नका. तुमची चाचणी तिच्या नावावर पडते. क्रॅश कार्ट स्वतः जाऊन बघा, डिफिब्रिलेटरची कंपनी तीच आहे का ते पाहा. चार्टिंग ओळखीच्या एपिक सॉफ्टवेअरमध्ये असलं तरी प्रत्येक हॉस्पिटलची मांडणी वेगळी. प्रिसेप्टरला (तुम्हाला काम दाखवणाऱ्या नर्सला) एवढंच विचारा: इथे ऑडिट कशाचं होतं? मग त्या चार-पाच चौकटी आधी भरायला शिका.

नार्कोटिकबद्दल जास्त काटेकोर राहा. अर्धी सिरिंज उरली की लगेच साक्षीदारासमोर वेस्ट करून (टाकून देऊन) नोंद, खिशात घालून ‘नंतर करू’ नाही. मोजणीत फरक निघाला की पहिली नजर तात्पुरत्या माणसाकडे जाते, हे अन्यायाचं असलं तरी तसंच आहे.

फ्लोटिंगला ट्रॅव्हलरचा नंबर पहिला असतो, त्यावर चिडून उपयोग नाही. मेड-सर्जवर (साध्या वॉर्डवर) पाठवलं तर जा. आयसीयूत पाठवलं आणि व्हेंटिलेटर किंवा प्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) चालू असलेला पेशंट दिला, तर रिपोर्ट घेण्याआधी सांगा की हे माझ्या चेकलिस्टमध्ये नाही. स्टेपडाउनला साजेसे पेशंट द्या किंवा मी मदतनीस म्हणून काम करते. आधी म्हणजे आधीच. एकदा पेशंट स्वीकारून मग सोडणं हे पेशंट वाऱ्यावर टाकणं ठरू शकतं आणि लायसन्सवर येतं. टेक्सासमध्ये तुम्हाला सेफ हार्बरची (असुरक्षित वाटणाऱ्या कामावर लेखी हरकत नोंदवून लायसन्स सांभाळण्याची) सवय असेल. तो त्या राज्याचा कायदा आहे, फिनिक्सला लागू नाही. तिथे चार्ज नर्स, मग हाउस सुपरवायझर, आणि त्याच वेळी एजन्सीच्या क्लिनिकल लायझनला (नर्सिंगच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या माणसाला) फोन. नंतर घरी जाऊन वेळेनिशी ईमेल, पण त्यात पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही नको.

तुमच्या बाबतीत माझं मत असं: रात्री चार पेशंट, ड्रिपमध्ये डिल्टियाझेम, हेपारिन, अमिओडेरोन आणि फार तर इन्सुलिन, मॉनिटर टेक्निशियन मजल्यावर, फ्लोटिंग मेड-सर्ज आणि टेलिमेट्रीपुरतं, अशी उत्तरं आली तर घ्या. मिलरिनोन, डोब्युटामिन, नायकार्डिपिन अशा हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या ड्रिपचं टायट्रेशन, ताज्या बायपासचे पेशंट किंवा शीथ काढणं यातलं काही रोजचं असेल आणि तुम्ही ते केलेलं नसेल, तर नको. ते शिकायचं असेल तर ह्यूस्टनमध्येच स्टेपडाउनवर स्टाफ म्हणून बदली घ्या, तिथे सहा ते आठ आठवड्यांचं ओरिएंटेशन मागता येतं. ट्रॅव्हलरला हॉस्पिटल जास्त पैसे देतं ते तिला शिकवावं लागू नये म्हणूनच.

घेतलात तर सुट्ट्यांच्या तारखा सही करण्याआधीच करारात घाला. भारतात जायचं असेल तर दोन करारांच्या मधे जा, आणि त्या आठवड्यांत आरोग्य विमा चालू राहतो की शेवटच्या ड्यूटीला संपतो हे एजन्सीला विचारा. मुदतवाढीचं बोलणं आठव्या-नवव्या आठवड्यात तुम्ही स्वतः काढा. तोवर मॅनेजरने तुमचं काम पाहिलेलं असतं आणि पुढच्या वेळापत्रकातली भोकं तिला दिसू लागलेली असतात. तेव्हा दर वाढवून मिळाला नाही तरी रद्द ड्यूटीची अट काढून घ्या किंवा सलग तीन रात्रींचं वेळापत्रक मागा. या दोन गोष्टी मॅनेजरला दरापेक्षा सहज देता येतात.